सापडलं नाही म्हणजे नव्हतंच का?

‘लाखो पानं धुंडाळली, हा शब्द एकदाही सापडला नाही. म्हणजे ही गोष्ट नंतर कुणीतरी रचलेली आहे.’ इतिहासावरच्या वादांत हा युक्तिवाद हल्ली वारंवार वाचायला मिळतो. जुनी वर्तमानपत्रं, पुस्तकं, खटल्यांचे वृत्तांत आता संगणकावर आले आहेत आणि पूर्वी ज्या शोधात महिने जायचे तो काही सेकंदांत होतो. या वेगानं इतिहासकारांचं काम खरोखरच बदललं आहे. पण वरच्या वाक्यातला ‘म्हणजे’ टिकत नाही. तो का टिकत नाही हे कळण्यासाठी आपण शोध नक्की कशात घेतो ते पाहायला हवं.

पडद्यावर दिसतं ते जुन्या पानाचं छायाचित्र. संगणकाच्या लेखी त्यात एकही अक्षर नसतं, असतात ते नुसते ठिपके. या चित्रामागे, आपल्याला न दिसणारा, मजकुराचा एक थर असतो. ओसीआर नावाच्या प्रणालीनं ठिपके वाचून तो तयार केलेला असतो आणि आपला शोध फक्त त्या थरात चालतो. म्हणजे आपण मूळ पान चाळत नसतो, एका यांत्रिक लेखनिकाची नक्कल चाळत असतो. पोथ्या उतरवणारे लेखनिक शेवटी लिहून ठेवायचे, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’. जसं दिसलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका! पोथीचा अभ्यासक हे वाचून सावध होत असे आणि दुसरी प्रत शोधून पाठभेद तपासत असे. संगणकाच्या नकलेपुढे मात्र ही सावधगिरी सहज सुटते.

हा लेखनिक वाचतो कसा? जुनी पद्धत अशी होती: ओळ वेगळी करायची, तिच्यातलं एकेक अक्षर कापायचं आणि साच्यांशी ताडून पाहायचं. सुट्या छापलेल्या रोमन अक्षरांना हे बरं जमलं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या शब्दाला बांधून ठेवते, मात्रा वर चढतात, उकार खाली लोंबतात. मग कापायचं कुठे? त्यात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यात फरक जेमतेम एका रेघेचा. शाई जरा फुटली की तो संपला.

नवी पद्धत कापायच्या भानगडीत पडतच नाही. ओळीच्या चित्राचे ती अरुंद उभे पट्टे करते आणि प्रत्येक पट्ट्याला विचारते, ‘इथे कोणतं अक्षर असण्याची शक्यता किती?’ एक अक्षर अनेक पट्ट्यांवर पसरलेलं असल्यामुळे तेच उत्तर पुन्हा पुन्हा येतं. म्हणून नियम असा, की लागोपाठ आलेली सारखी उत्तरं एकच धरायची. पण मग ‘ममता’ या शब्दाचं काय करायचं? या नियमानं दोन्ही म एक होतील आणि उरेल ‘मता’. यावरचा तोडगा असा, की अक्षरांच्या जोडीला ‘रिकामं’ असंही एक उत्तर ठेवायचं. आता पट्टे सांगतात: म, म, रिकामं, म, म, त, त, काना. आधी लागोपाठची पुनरुक्ती काढायची, मग रिकाम्या खुणा टाकून द्यायच्या. ‘ममता’ अख्खी हाती येते. क्रम उलटा केला, रिकाम्या खुणा आधी टाकल्या, तर पुन्हा ‘मता’. अक्षराची हद्द कुठे आहे हे यंत्राला कुणीही दाखवलेलं नसतं, तरी शब्द बरोबर उतरतो. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

ही नवी पद्धत चालते ती ‘न्यूरल नेटवर्क’वर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी जाळ्यावर. हेच जाळं शिकता शिकता भाषेच्या सवयीही उचलतं. कोणत्या अक्षरामागून कोणतं येतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून अर्धवट पुसलेला शब्दही ते ओळखतं. मात्र याच सवयीपायी अनोळखी आडनाव किंवा विसरलेल्या गावाचं नाव जवळच्या परिचित शब्दाकडे ओढलं जाऊ शकतं. आणि इतिहासकार शोधत असतो ती बहुतेकदा नावंच.

आता थोडा हिशेब. ‘९८ टक्के अचूक’ असं म्हणतात ते बहुधा अक्षरांबद्दल. सात अक्षरांचा शब्द सापडायला सातही अक्षरं बरोबर हवीत. ०.९८ सात वेळा गुणलं की येतात सुमारे ०.८७, म्हणजे शंभरातले तेरा शब्द हरवले. अक्षरांची अचूकता ९५ टक्के असेल तर तीस हरवतात. ९० असेल तर निम्म्याहून जास्त.

ब्रिटिश लायब्ररीकडे सतराव्या-अठराव्या शतकांतल्या वर्तमानपत्रांचा ‘बर्नी’ संग्रह आहे. त्याच्या मजकुराची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. अक्षरं ७५.६ टक्के बरोबर, शब्द ६५ टक्के, आणि ज्यांच्यावर शोध घेतला जातो ते अर्थवाही शब्द फक्त ४८.४ टक्के. पण वरच्या गुणाकारानं पाहिलं तर पाच अक्षरी शब्द पंचवीस टक्केच बरोबर यायला हवे होते. ६५ कसे आले? कारण चुका मिठासारख्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. काही पानं जवळजवळ स्वच्छ असतात, काहींचा पार चिखल झालेला असतो. पातळ कागदातून मागची शाई उमटलेली, छपाईचे खिळे (धातूचे अक्षरठसे) झिजलेले, आणि चित्र मूळ कागदाचं नसून मायक्रोफिल्मचं, अशा पानांचा चिखल होतो. स्वस्तात छापणाऱ्यांचं लेखन त्यामुळे शोधात अधिक मुकं राहतं. हा दोष सगळ्यांत सारखा विभागला जात नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कधी कधी अख्खं शतक एकाच चुकीत सापडतं. १८०० च्या सुमारापर्यंत इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब, जवळजवळ ‘एफ’सारखा छापत. लंडनच्या ‘टाइम्स’नं तो १८०३ मध्ये सोडला. गूगलनं २०१० मध्ये सुमारे ५२ लाख पुस्तकांतल्या शब्दांची वारंवारिता आलेखात पाहण्याची सोय केली, तेव्हा जुन्या पुस्तकांतला ‘बेस्ट’ अनेकदा ‘बेफ्ट’ म्हणून मोजला गेला. आलेखात तो शब्द १८०० नंतर एकदम वर चढलेला दिसे. तेव्हा लोकांची भाषा बदलली नव्हती, छापखान्यातला खिळा बदलला होता. असे आलेख समाजमाध्यमांवर ‘विज्ञानानं सिद्ध झालं’ म्हणून फिरतात. आलेख काढल्यानं दावा वैज्ञानिक होत नाही, मोजलं काय हे सांगितल्यानं होतो.

म्हणून जाणता संशोधक आधी चाळणीच तपासतो. अमुक तारखेला छापल्याची खात्री असलेल्या दहा बातम्या घेऊन त्या शोधातून सापडतात का पाहतो. सहाच सापडल्या, तर ‘काही नाही’ या उत्तराला किती वजन द्यायचं हे त्याला कळतं. तो चुकीची रूपंही मुद्दाम शोधतो. एक शब्द दुसऱ्यात बदलायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा पालटावी लागतात, हे अंतर लेव्हेन्श्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५ मध्ये मांडलं. ‘अंतर एक’ इतकी मुभा दिली की ‘बेफ्ट’ही जाळ्यात येतो.

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या १,९७,००० हून अधिक खटल्यांचे वृत्तांत आज शोधता येतात. त्यांतले १८३४ पर्यंतचे दोन वेळा, स्वतंत्रपणे टंकून घेतले आणि जिथे फरक पडला तिथे निवाडा केला. हजारात एक चूक करणारे दोघे एकाच जागी चुकण्याची शक्यता दहा लाखांत एक. खर्च मोठा, पण फळ तसंच. ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर जुन्या वर्तमानपत्रांचा मजकूर स्वयंसेवक ओळीओळीनं सुधारतात.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता हस्ताक्षरंही वाचू लागली आहे, आणि हे मोठं यश आहे. मात्र जुन्या ओसीआरची चूक कडबोळ्यासारखी दिसायची, लगेच डोळ्यांत भरायची. नव्या यंत्राची चूक व्याकरणशुद्ध, वाक्यात चपखल बसणारी असू शकते, आणि ती पकडणं जास्त कठीण. काही संग्रह प्रत्येक शब्दासोबत यंत्राच्या खात्रीचा आकडाही साठवतात. तो मजकुरासोबत उतरवून घेता आला, तर संशोधक खात्री सर्वांत कमी असलेल्या पानांची यादी काढतो, त्यांची चित्रं उघडतो आणि तेवढी पानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला बसतो.