आयमेरिया टेनेला

कोंबडीच्या आतड्यात वाढणारा एकपेशीय परजीवी. आयमेरिया या परजीवी प्रजातीगटाच्या कोंबड्यांत आढळणाऱ्या सात जातींपैकी ही सर्वांत घातक जातींत मोडते. तिच्यामुळे होणाऱ्या रोगाला कुक्कुटपालक ‘रक्ती हगवण’ म्हणतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना तो विशेष होतो.

परजीवीचे आयुष्य कोंबडीत आणि जमिनीवर असे विभागलेले असते. विष्ठेतून बाहेर पडणारे ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची जाड कवचातली सुप्त अवस्था, तेव्हा संसर्गक्षम नसते. ओल, ऊब आणि प्राणवायू मिळाला की दोनेक दिवसांत त्यात आठ स्पोरोझॉइट, म्हणजे संसर्ग करणाऱ्या सूक्ष्म पेशी, तयार होतात. पावसाळ्यात किंवा पाण्याची भांडी गळून शेडमध्ये अंथरलेला तूस ओला झाला, की रोग उसळतो तो यामुळेच.

दाणे टिपताना ऊसिस्ट पोटात जाते. पेषणीत (दाणे भरडणाऱ्या स्नायुमय जठरात) त्याचे कवच भरडले जाते. पुढे पित्त व पाचकरसांमुळे स्पोरोझॉइट मोकळे होतात आणि आतड्याच्या टोकाजवळच्या एका टोकाला बंद असलेल्या दोन नळ्यांच्या अस्तरात शिरतात. तिथे अलैंगिक प्रजनन सुरू होते. पहिल्या पिढीत एका पेशीतून सुमारे ९००, तर दुसऱ्या पिढीत २०० ते ३५० मेरोझॉइट (नव्या पेशींत शिरणारी परजीवीची पिल्लावळ) निघतात. दुसरी पिढी अस्तराच्या खोल थरात वाढते. ती फुटते तेव्हा रक्तवाहिन्याही फाटतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसू लागते. त्यानंतर नर व मादी युग्मके बनतात, त्यांच्या मीलनातून नवी ऊसिस्ट तयार होतात आणि सातव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडू लागतात.

या अलैंगिक पिढ्या मोजक्याच असतात. जिवाणूंप्रमाणे हा परजीवी शरीरात अमर्याद वाढत नाही. त्यामुळे पिलाने किती ऊसिस्ट गिळली, यावर आजाराची तीव्रता बरीचशी ठरते. थोडी गिळली तर पिलू तगते आणि त्याच्यात प्रतिकारशक्तीही येते, मात्र ती फक्त त्याच जातीविरुद्ध. गर्दीच्या शेडमध्ये पिले जास्त ऊसिस्ट गिळतात आणि हाच हिशेब बिघडतो.

नेहमीची जंतुनाशके ऊसिस्टच्या कवचापुढे फारशी चालत नाहीत. तूस खालीवर करून कोरडा ठेवणे, ओला भाग काढून टाकणे हे उपाय अधिक भरवशाचे आहेत. अ‍ॅम्प्रोलियम हे औषध परजीवीला ब-१ जीवनसत्त्व घेऊ देत नाही; ते मुख्यतः पहिल्या पिढीवर काम करते, म्हणून रक्त दिसल्यावर दिल्यास बराच उशीर झालेला असतो. जिवंत लसीत मोजकी ऊसिस्ट देतात. पिले ती विष्ठेतून टाकतात व पुन्हा टिपतात. दोन-तीन फेऱ्यांत प्रतिकारशक्ती पक्की होते, त्यासाठी त्या काळात तुसात किंचित ओल लागतेच.