एसडी आंब्यांचा, स्टँडर्ड एरर सरासरीचा

संख्याशास्त्राचे प्रोजेक्ट तपासताना ‘सरासरी वजन २५० ± ६ ग्रॅम’ अशी ओळ हमखास सापडते. व्हायवाला मी विचारते, हे ६ कसले? एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, की स्टँडर्ड एरर? बहुतेक मुलं गप्प होतात. मला त्यांचा राग येत नाही. दोन्ही नावांत ‘स्टँडर्ड’, दोन्हींचं एकक ग्रॅम, आणि एका भागाकारात एकातून दुसरं निघतं. गोंधळ व्हायचाच. पण इथे चुकलं की आकड्याचा अर्थच बदलतो.

एका बागेतल्या हापूसच्या पेट्यांमधून चार आंबे काढून काट्यावर ठेवू. वजनं २२०, २४०, २६०, २८० ग्रॅम. सरासरी २५०. प्रत्येक आंबा सरासरीपासून किती लांब? −३०, −१०, १०, ३०. यांच्या वर्गांची बेरीज २०००. हा नमुना आहे, म्हणून ४ ऐवजी ३ ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं: २५.८ ग्रॅम. हा एसडी, पुस्तकी मराठीत प्रमाण विचलन. तो आंब्यांबद्दल बोलतो. पेटीत हात घातला तर हाती येणारा आंबा सरासरीच्या साधारण इतका मागेपुढे असणार.

आता समजा, त्याच पेट्यांतून तुमच्या मैत्रिणीने वेगळे चार आंबे काढले. तिची सरासरी कदाचित २३८ येईल. तिसरीची २६१. या सरासऱ्या किती हलतात, याचं माप म्हणजे स्टँडर्ड एरर. एसडीला नमुन्यातल्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की तो मिळतो: २५.८ भागिले २, म्हणजे १२.९ ग्रॅम. सरासरी एकट्या आंब्यापेक्षा कमी हलते, कारण चारात एखादा मोठा आला तर लहानगा त्याला सांभाळून घेतो.

खरा फरक कळतो तो नमुना वाढवल्यावर. चारऐवजी शंभर आंबे मोजा. स्टँडर्ड एरर २.६ च्या आसपास येईल; एसडी मात्र २५ च्या आगेमागेच राहील. जास्त आंबे मोजले म्हणून आंबे एकसारखे होत नाहीत! ‘सर्व्हे मोठा केला, तरी एसडी कमी का झाला नाही?’ ही शंका वर्गात दरवर्षी येते, आणि तिचं उत्तर इतकंच आहे. आणखी एक: वर्गमुळामुळे स्टँडर्ड एरर निम्मा करायला चौपट आंबे तोलावे लागतात.

चूक होते कुठे? एक्सेलच्या ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’ तक्त्यात मीनच्या लगेच खाली स्टँडर्ड एररची ओळ असते आणि स्टँडर्ड डेव्हिएशनची त्याखाली मीडियन, मोड झाल्यावर. घाईत वरचाच आकडा उचलला जातो. तो लहान असल्यामुळे आलेखही देखणा दिसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळे आंबे एका मापाचे.

‘एरर’ या शब्दानेही फसगत होते. कुणी फक्त पेटीच्या वरच्या थरातले, निवडून ठेवलेले मोठे आंबे मोजले, तरी स्टँडर्ड एरर छान लहान येईल. नमुना एकांगी असल्याची चूक त्याला दिसतच नाही. तो फक्त योगायोगाने होणारी हालचाल मोजतो.

नमुना लहान असेल तर आणखी एक अडचण: चार आंब्यांवरून काढलेला एसडी स्वतःच डळमळीत असतो. डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांच्यापुढे हाच प्रश्न होता. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यावर लेख लिहिला. लहान नमुन्यांच्या सरासऱ्या पारखायची जी पद्धत आपण टी-टेस्ट म्हणून शिकतो, तिचं मूळ तिथे आहे. आपल्या चार आंब्यांसाठी टीच्या तक्त्यातली किंमत ३.१८ येते. ती १२.९ ने गुणली की ४१; सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढी जागा सोडायची. म्हणजे बागेतल्या आंब्यांच्या खऱ्या सरासरीसाठी ९५ टक्क्यांची विश्वास-मर्यादा २०९ ते २९१ ग्रॅम, चांगलीच रुंद.

तेव्हा आंबे कसे आहेत हे सांगायचं असेल, तर एसडी द्या. दोन बागांच्या सरासऱ्यांची तुलना करायची असेल, तर स्टँडर्ड एरर. आणि सुरुवातीची ती ओळ मी आता मुलांकडून अशी लिहून घेते: ‘२५ आंबे, सरासरी २५० ग्रॅम, एसडी ३०, स्टँडर्ड एरर ६.’