क्रोएशियन भाषेतील वार, तारखा व प्रसंग

क्रोएशियन ही सात विभक्तींची स्लाव्हिक भाषा आहे. गोष्ट कधी घडली, कधी घडते हे तिच्यात बरेचसे नामाच्या अंत्य प्रत्ययावरून कळते.

वारांची नावे ग्रहांवरून आलेली नाहीत. नेद्येल्या (रविवार) म्हणजे काम न करण्याचा दिवस आणि पोनेद्येल्याक (सोमवार) म्हणजे त्याच्या नंतरचा. उतोराक, चेत्वर्ताक आणि पेताक हे दुसरा, चौथा आणि पाचवा. म्हणजे मोजणी सोमवारपासून.

एखाद्या ठरावीक वारासाठी 'उ' हे अव्यय व द्वितीया लागते : उ पेताक (शुक्रवारी), उ सुबोतु (शनिवारी). पुल्लिंगी 'पेताक' तसाच राहतो, स्त्रीलिंगी 'सुबोता'च्या शेवटी उ येतो. नेहमीच्या गोष्टीसाठी मात्र अव्ययाविना तृतीया : पेत्कोम, सुबोतोम. मराठीत 'शनिवारी दुकान बंद असते' आणि 'शनिवारी ये' यांत शब्द एकच, फरक संदर्भाने ओळखायचा. क्रोएशियनमध्ये तो प्रत्ययच सांगतो.

तारखेत महिना षष्ठीत असतो. 'आज 5 मे' हे दानास ये पेति स्विब्न्या, शब्दशः 'मे महिन्याचा पाचवा'; '5 मे रोजी' म्हणताना क्रमवाचकही षष्ठीत जाऊन पेतोग स्विब्न्या होते. महिन्यांची नावे बहुतेक जुनी, शेतीच्या व ऋतूंच्या वळणाची आहेत. जुलैच्या 'सर्पान्य'मध्ये 'सर्प' म्हणजे विळा आहे. पानगळीचा 'लिस्तोपाद' येथे ऑक्टोबर, पण पोलिश व चेक भाषांत तोच शब्द नोव्हेंबर दाखवतो.

समारंभाशी 'ना' हे अव्यय येते. क्रोएशियातील सिन्य या शहरात 1715 मधील ऑटोमन सैन्यावरील विजयाच्या स्मरणार्थ ऑगस्टमध्ये आल्का ही घोडेस्वारांची स्पर्धा होते : 'बारा' नावाची आधीची स्पर्धा उ पेताक, 'चोया' नावाची दुसरी उ सुबोतु, मुख्य आल्का उ नेद्येल्यु (रविवारी). तिला जायचे तर 'इदेम ना आल्कु' (द्वितीया), तिथे होतो तर 'बिओ साम ना आल्त्सि' (सप्तमी). बाई बोलत असेल तर 'बिला साम'. होतो-होते म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही.

घड्याळ मात्र फसवते. 'उ पोला ओसाम' शब्दशः 'अर्ध्या आठला', पण अर्थ साडेसात. मराठीतले 'साडे' उलटून गेलेल्या तासावर अर्धा चढवते, क्रोएशियन 'पोला' येणाऱ्या तासाचा अर्धा भाग मोजते. साडेआठ समजून निघालेला पाहुणा तासभर उशिरा पोहोचतो.