मंगळवारीच चुकणारा पासवर्ड

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसातून मंगळवारी सकाळी फोन यायचाच. "साहेब, पासवर्ड घेईना झालाय बघा. रोजचाच टाकतोय, मी काय येडा हाय व्हय?" बोलणारे अकाउंट्सचे काका. बुधवार ते रविवार तक्रार नाही, सोमवारी कारखान्याला सुट्टी.

कॅप्स लॉक बंद होतं. खातंही लॉक झालेलं नव्हतं. (पासवर्ड बदलला तरी मोबाइलमध्ये जुनाच राहतो, आणि तो मोबाइल परत परत तोच पाठवून खातं लॉक करून ठेवतो, हे नेहमीचं दुखणं.) मग काकांना शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तिथं तोच पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला. त्यांच्या कॉम्प्युटरवर मी माझा टाकला, तर तोही नाही. काका सुटले, खोट डब्यात होती.

लॉगिनच्या स्क्रीनवर तारीख दिसत होती 1 जानेवारी 2015.

विंडोज 2000 पासून ऑफिसच्या नेटवर्कवर ओळख पटवायचं काम 'कर्बेरोस' ही पद्धत करते. ती 1980च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झाली. नाव ग्रीक पुराणातल्या तीन तोंडाच्या कुत्र्याचं. हिची गंमत अशी, की पासवर्ड वायरीतून जातच नाही. कॉम्प्युटर पासवर्डपासून एक किल्ली बनवतो, त्या किल्लीनं आत्ताची वेळ कुलपात घालतो आणि ते पाकीट सर्व्हरकडे, म्हणजे ऑफिसच्या मुख्य कॉम्प्युटरकडे, धाडतो. सर्व्हरकडे तुमची तीच किल्ली असते. पाकीट उघडून तो आतली वेळ आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. विंडोजमध्ये मुळात सूट 5 मिनिटांची.

वेळच कशाला? कारण वायरीवर कान लावून बसलेला चोर पाकीट न उघडता तसंच्या तसं उचलून उद्या परत पाठवू शकतो. कालचा गेटपास दाखवून आज ट्रक बाहेर काढण्यातलाच प्रकार. आणि हे घड्याळ भारताचं नव्हे, जागतिक वेळेचं. त्यामुळं टाइम झोन चुकला असेल, तर भिंतीवरच्या घड्याळाशी काटा जुळूनही लॉगिन अडू शकतं.

आता सोमवार. सुट्टीला ऑफिसचा मेन स्विच बंद. वीज नसताना मदरबोर्डवरचं (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवरचं) घड्याळ एका गोल सेलवर चालतं. घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, म्हणजे 2 ला 2 नं गुणत पंधरा दोन झाले की येणारा आकडा. तो पंधरा वेळा अर्धा केला की बरोब्बर एक सेकंद. सेलचं नाव सीआर 2032, आणि हा आकडा म्हणजे त्याचं माप: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी. मल्टिमीटर लावला, तर 3 व्होल्टच्या जागी जेमतेम दीड. म्हणून सोमवारी वीज गेली की घड्याळ वेळ विसरायचं आणि मंगळवारी 2015 सालात उठायचं.

मग बुधवारी सगळं ठीक कसं? तिथला एक पोरगा नेटवर्कची केबल उपसून लॉगिन करून द्यायचा. केबल नसली की विंडोज आधीच्या लॉगिनची साठवलेली खूण बघून आत घेतं. केबल परत जोडली की घड्याळ सर्व्हरशी आपोआप जुळायचं, आणि पुरावा गायब. वेळेत फरक आहे असा इंग्रजी मजकूर स्क्रीनवर येत होता म्हणे. वाचला कुणीच नव्हता. पहिले दोन मंगळवार मीही नाही.

काकांच्या डब्याबरोबर एकाच खेपेला घेतलेले आणखी अकरा डबे तिथं आहेत. राजारामपुरीतल्या घड्याळाच्या दुकानातून डझनभर सेल आणले.