टीमिआकातेमिआ

टीमिआकातेमिआ ही फिनलंडमधील युवास्क्यूला येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठाची (याम्क) उद्योजकता शाखा आहे. व्यवसाय प्रशासनाची पदवी येथे विद्यार्थी गटाने स्वतःचा उद्योग काढून, खऱ्या ग्राहकांना खरी बिले लावून आणि त्या व्यवहारांवर एकत्र बसून विचार करून मिळवतात. स्थापना १९९३ची, संस्थापक योहानेस पार्तानेन, त्या वेळी विपणनाचे अधिव्याख्याते. अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा आणि २१० श्रेयांकांचा. फिनलंडबाहेर ही पद्धत ‘टीम अकादमी’ या नावाने पसरली.

पार्श्वभूमी

सोव्हिएत संघाशी असलेला व्यापार कोसळला, त्यातच देशातल्या बँका अडचणीत आल्या आणि १९९० नंतर फिनलंड गंभीर मंदीत सापडला. १९९० साली ३ टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी १९९४ पर्यंत १६ टक्क्यांवर गेली. पदवी घेऊन नोकरी शोधायची ही वाट तरुणांसाठी जवळपास बंद झाली. अशा वेळी पार्तानेन यांनी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक आवाहन लावले: जगप्रदक्षिणा करायची आहे का, आणि जाता जाता विपणन शिकायचे आहे का? त्यातून पहिली तुकडी उभी राहिली. प्रवासाचे पैसे विद्यार्थ्यांनीच कमवायचे होते आणि ते कमावताना विपणन शिकायचे होते. शिक्षण संपताना गटाने स्वतःच्या कमाईवर लांबचा प्रवास करायचा, ही प्रथा तेव्हापासूनची. तिचा शैक्षणिक उपयोग मोठा आहे. साडेतीन वर्षे १५–२० जणांना एका ताळेबंदाशी बांधून ठेवायला ‘नफा वाढवा’ एवढे उद्दिष्ट पुरत नाही.

टीम-कंपनी

प्रवेशानंतर पहिल्या काही आठवड्यांतच प्रशिक्षक गट पाडतात; असा प्रत्येक गट म्हणजे एक टीम-कंपनी. मित्रांनी मिळून गट करायचा नाही, हा नियम पाळला जातो. विक्रीची आवड असणारे, हिशेबात नीट असणारे, अबोल, बडबडे असे मुद्दाम मिसळतात. चार-पाच जणांचा गट हाताळायला सोपा वाटतो, पण त्यात दोघांचे बिनसले की काम थांबते आणि कोणी एक बाजूला राहिला तर ओझे इतरांवर पडते. १५–२० जणांच्या गटात दोन ते पाच जणांचे अनेक प्रकल्प एकाच वेळी चालतात. एक बुडाला तरी कंपनी चालू राहते आणि एका प्रकल्पाची चूक बाकीच्यांना फुकट शिकायला मिळते.

प्रत्येक गट कायदेशीर नोंदणी करतो आणि तीही बहुधा सहकारी संस्था म्हणून. कारणे व्यावहारिक आहेत. सदस्याची जबाबदारी त्याने भरलेल्या भागापुरती मर्यादित राहते. प्रत्येकाला एकच मत असते. कोणी शिक्षण सोडले किंवा नवा आला तर समभागांचे हस्तांतरण करत बसावे लागत नाही. शिवाय फिनलंडमध्ये खासगी मर्यादित कंपनीला २०१९ पर्यंत किमान भांडवलाची अट होती (शेवटी ती २,५०० युरो होती). सहकारी संस्थेला ती नव्हती. गट आपल्यातूनच प्रमुख, अर्थव्यवहार पाहणारा, ग्राहकसंबंध पाहणारा असे पदाधिकारी निवडतो. ही पदे फिरती ठेवली तर हिशेब ठेवणे एकट्याचीच विद्या होऊन बसत नाही.

इथे शिक्षक नाहीत, टीम-प्रशिक्षक आहेत. प्रशिक्षकाने उत्तर द्यायचे नाही, प्रश्न विचारायचा. वेळापत्रकाचा कणा म्हणजे आठवड्यातून दोनदा, सुमारे चार तास चालणारी संवादबैठक. खुर्च्या गोलाकार आणि मध्ये टेबल नाही. सुरुवातीला प्रत्येकजण आपली सद्यःस्थिती दोन वाक्यांत सांगतो, मग विषय, शेवटी प्रत्येकजण बैठकीतून काय घेऊन चालला ते सांगतो. संवादाची चार पथ्ये शिकवली जातात: ऐकणे, दुसऱ्याचा मान राखणे, स्वतःचे मत थोडा वेळ बाजूला ठेवणे आणि मनातले स्पष्ट बोलणे. यांतले तिसरे सर्वांत अवघड आहे. पहिल्या वर्षीच्या बहुतेक बैठका ‘कोणाची कल्पना बरोबर’ या वादातच संपतात. हा काळ घाईने उरकू नये. गटाने भांडायला शिकण्याआधीच मोठे कंत्राट घेतले, तर पहिला खडाजंगीचा प्रसंग ग्राहकासमोर घडतो.

प्रकल्प कसा चालतो

ग्राहकाला भेटल्याशिवाय प्रकल्प सुरू होत नाही. व्यवसाय आराखडा आधी लिहायचा आणि मग ग्राहक शोधायचा, ही सवय इथे मोडली जाते. गट किती ग्राहकभेटी झाल्या याची मोजदाद ठेवतो आणि उलाढालीइतकेच तिला महत्त्व देतो. सुरुवातीची कामे लहान असतात: दुकानासाठी बाजारपाहणी, एखाद्या कार्यक्रमाचे आयोजन, प्रदर्शनातल्या दालनावर विक्री, जाहिरात मोहीम. अशा कामांत भांडवल कमी अडकते आणि काही आठवड्यांत पैसे हाती येतात. म्हणून आधी सेवा विकणे आणि स्वतःचे उत्पादन नंतर काढणे, हा क्रम बहुतेक गटांना मानवतो.

प्रत्येक प्रकल्पाआधी आणि नंतर एक पानी टिपण लिहिले जाते. त्यांना पूर्व-मोटोरोला आणि उत्तर-मोटोरोला म्हणतात. आधीच्या टिपणात ग्राहक कोण, काय द्यायचे, किती वेळात, खर्च किती आणि यातून आपण काय शिकणार हे असते. नंतरच्या टिपणात चार प्रश्न: काय जमले, काय फसले, काय शिकलो, पुढच्या वेळी काय वापरणार. ते बिल पाठवल्यानंतर लगेच, आठवणी ताज्या असताना लिहायचे. महिन्याने लिहिलेल्या टिपणात ‘संवाद वाढवायला हवा’ यासारखी, कोणत्याही प्रकल्पाला लागू पडणारी वाक्येच उरतात.

याच्या जोडीला प्रत्येकाचा स्वतःचा शिकण्याचा करार असतो. त्यात पाच प्रश्नांची लेखी उत्तरे द्यायची: मी कुठून आलो, आज कुठे आहे, कुठे जायचे आहे, तिथे कसा पोचणार आणि पोचलो हे कशावरून ओळखणार. करार गटासमोर वाचला जातो आणि ठरावीक काळाने बदलला जातो. पाचवा प्रश्न लोक टाळतात. ‘चांगला विक्रेता होईन’ असे लिहिले की तपासायला काही उरत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत एकट्याने तीन ग्राहकांशी व्यवहार पूर्ण करीन’ असे लिहिले तर गट विचारू शकतो. वाचनालाही हिशेब आहे. पुस्तकांना त्यांच्या वजनानुसार गुण दिलेले असतात आणि वाचलेल्यावर छोटा निबंध लिहून ते मिळवायचे असतात. हातातल्या अडचणीला उपयोगी पडेल असेच पुस्तक निवडा, असा आग्रह धरला जातो. किंमत ठरवताना अडखळलेला विद्यार्थी किंमतीवरचे प्रकरण ज्या भुकेने वाचतो, ती भूक परीक्षेच्या वाचनात येत नाही.

रूढ अर्थाची अंतिम परीक्षा नाही. तिच्या जागी ‘जन्म’ नावाचे सत्र असते. बाहेरचा ग्राहक खरी समस्या देतो आणि ठरलेल्या वेळात गटाने उत्तर तयार करून त्याच्यापुढे मांडायचे. शेवटचे सत्र २४ तासांचे असते. थकव्यात गटाची खरी कार्यपद्धती उघडी पडते: कोण निर्णय घेतो, कोण गप्प होतो, काम वाटले जाते की दोघांच्याच अंगावर येते.

पैसा आणि त्यातल्या अडचणी

सर्वांत नेहमीची चूक मूल्यवर्धित कराची. सप्टेंबर २०२४ पासून फिनलंडमध्ये या कराचा सर्वसाधारण दर २५.५ टक्के आहे. १,००० युरोच्या कामाचे बिल १,२५५ युरोचे होते; त्यातले २५५ युरो कंपनीचे कधीच नसतात. नवा गट खात्यातली रक्कम पाहून खर्च ठरवतो आणि कर भरायच्या दिवशी अडकतो. उपाय साधा आहे: रक्कम जमा होताच कराचा भाग वेगळ्या खात्यात टाकायचा. उरलेल्या १,००० मधून आधी प्रकल्पाचा थेट खर्च, मग कंपनीच्या समाईक निधीचा ठरलेला टक्का आणि त्यानंतर काम करणाऱ्यांचा वाटा. हा टक्का पहिले बिल लागण्याआधीच ठरवावा. पैसे समोर आल्यावर ठरवायला बसले की प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसतो.

समान वाटप हा दुसरा सापळा. सर्वांना सारखे द्यायचे ठरवले की काही महिन्यांत राबणारे थकतात आणि न राबणाऱ्यांना कोणी काही म्हणत नाही. उलट टोकाला, प्रत्येकाने आपापले कमावून नेले की कंपनी नावापुरती उरते आणि प्रवासाचा निधी जमत नाही. टिकतात ते गट, जे प्रकल्पाचा मोबदला कामाच्या तासांशी जोडतात, समाईक निधी सर्वांचा ठेवतात आणि कामचुकारीचा विषय पदाधिकाऱ्यांवर न सोडता संवादबैठकीत नाव घेऊन काढतात. हे बोलणे कठीण असते, पण ते टाळल्यामुळे मोडलेले गट ग्राहक न मिळाल्याने मोडलेल्या गटांहून कमी नसतील.

तिसरी अडचण खास फिनिश आहे. तिथल्या विद्यार्थी-सहाय्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. ती ओलांडली तर मिळालेले सहाय्य परत करावे लागते. त्यामुळे सदस्य पैसे स्वतः न घेता कंपनीतच ठेवतात. याने निधी वाढतो हे खरे, पण आपल्या श्रमाची किंमत किती हे कळायला उशीर होतो आणि सेवा स्वस्तात विकायची सवय लागते.

प्रशिक्षकही चुकतो. शांतता असह्य होऊन तो व्याख्यान देऊ लागला की गट पुन्हा वर्ग होतो. ‘मी काही सांगणार नाही’ म्हणून पूर्ण गप्प बसला, तर करचुकवेगिरी किंवा न वाचता केलेली सही यांसारख्या गोष्टीही घडून जातात. कायदा, कर आणि सुरक्षितता यांबाबत थेट सांगावे, बाकी ठिकाणी प्रश्न विचारावा, ही सीमा व्यवहारात उपयोगी ठरते.

प्रसार

फिनलंडमध्येच टांपेरे येथे १९९९ मध्ये प्रोआकातेमिआ सुरू झाली. स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन विद्यापीठाने २००९ मध्ये याच धर्तीवर पदवी सुरू केली. हा मेळ नैसर्गिक होता: १९५६ मध्ये तिथल्या तांत्रिक शाळेच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी उल्गोर हा चुली बनवणारा कारखाना काढला आणि त्यातून मोंद्रागोनचा सहकारी उद्योगसमूह वाढला. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथील वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठाने २०१३ पासून टीम-उद्योजकतेची पदवी देऊ केली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

सहकार मराठी वाचकाला नवा नाही, आणि दहा ते वीस जणींचा, नियमित बैठका घेणारा, समाईक निधी व इतिवृत्त ठेवणारा महिला बचत गट पाहिलेल्या माणसाला टीम-कंपनीची रचना ओळखीची वाटेल. तरीही फिनिश साचा जसाच्या तसा उचलता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सर्वसाधारणपणे संस्था नोंदवायला किमान दहा व्यक्ती लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या असाव्या लागतात. पंधरा जणांच्या गटाला ही अट जड नाही. जड आहे ती नोंदणीची आणि नंतरच्या लेखापरीक्षणाची प्रक्रिया, जी शैक्षणिक वर्षाच्या गतीने चालत नाही.

म्हणून इथल्या महाविद्यालयापुढे व्यवहार्य पर्याय दोन. पहिला, २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी. ती दोन भागीदारांवरही उभी राहते आणि जबाबदारी मर्यादित राहते. मात्र उलाढाल शून्य असली तरी दर वर्षी नमुना ८ (हिशेबाचा) आणि नमुना ११ (वार्षिक विवरणाचा) भरावेच लागतात. पदवीनंतर मुले पांगतात, विवरणपत्रे राहून जातात आणि विलंबशुल्क साचत जाते. त्यामुळे संस्था बंद करण्याची तारीख आणि जबाबदार व्यक्ती नोंदणीच्या दिवशीच ठरवावी. दुसरा पर्याय साध्या भागीदारीचा. ती स्वस्त आणि लवकर होते, पण १९३२ च्या कायद्यानुसार भागीदारांची वैयक्तिक जबाबदारी अमर्याद असते; उधारीचा माल किंवा भाड्याची जागा असलेल्या प्रकल्पासाठी ती वापरू नये. राज्यातल्या राज्यात सेवा देणाऱ्या गटाला वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतरच लागते, त्यामुळे पहिल्या वर्षी फिनिश विद्यार्थ्यांना पडणारा कराचा पेच इथल्या बहुतेक गटांना पडत नाही. चालू खाते मात्र पहिल्या बिलाआधी उघडावे. एका सदस्याच्या बचत खात्यावर पैसे घेतले की ते उत्पन्न त्याच्या नावावर दिसते, आणि गटातला पहिला अविश्वास बहुधा तिथूनच सुरू होतो.