कृपादाने फक्त पाळकसाहेबांनाच? एक खुलासा

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: कृपादान (देवाने सेवेसाठी दिलेली देणगी) म्हणजे अन्य भाषा बोलणं, अर्थात पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं, नाहीतर रोग बरे करणं, आणि ते मिळतं पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना. बाकीच्यांनी रविवारी यावं, दान टाकावं, घरी जावं.

पवित्र शास्त्र असं म्हणत नाही. रोमकरांस पत्र १२:६-८ मध्ये सेवा, शिकवणं, धीर देणं, दान देणं, दया करणं हीसुद्धा कृपादानेच आहेत. १ करिंथ १२:२८ मध्ये तर मदत आणि कारभार रोग बरे करण्याच्या रांगेतच बसवलेत. (मंडळीच्या खजिनदारांना हे कुणी सांगितलंय का?) सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असं ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल लगेच पुढे विचारतो. इफिसकरांस ४:१२ प्रमाणे पाळकाचं काम इतरांना सेवेसाठी तयार करणं.

खंडव्याहून इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला पर्ची कुठे काढायची ते दाखवणारी, दुपारी पोळी-भाजीचा डबा पोचवणारी, त्याचं सगळं निवांत ऐकून घेणारी मावशी कृपादानच वापरते. "मला मेलीला कुठे काय येतं," असंच ती म्हणणार. पुढच्या खेपेला तरुण संघातलं कुणीतरी तिच्यासोबत पाठवा.