सीआयडी आणि देवमाणूस, दोन्ही 'क्राइम सिरीयल'च का?

आमच्या साताऱ्यात देवमाणूस जरा जास्तच चघळली गेली, कारण वाईची ती खरी केस, डॉक्टरवर खुनांचे आरोप झाले ती, सगळ्यांना माहिती आणि सिरीयल त्याच्यावरूनच सुचलेली. पण गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं, 'सीआयडीसारखीच की ती'. नाही ओ. खून दोन्हीकडं पडतात, तेवढंच साम्य.

सीआयडी म्हणजे ज्याला प्रोसिजरल म्हणतात तो प्रकार. म्हणजे गोष्ट माणसाची नसते, कामाची असते. बॉडी सापडली, टीम आली, साळुंखेंच्या लॅबमधून काहीतरी निघालं, दोन संशयित चुकीचे निघाले, दयानं दरवाजा तोडला, केस क्लोज. पुढच्या वेळी पाटी कोरी. मध्ये लाईट गेली आणि चार एपिसोड बुडाले तरी कुणाला विचारायला लागत नाही की काय झालं. १९९८ ला सुरू होऊन २०१८ पर्यंत दीड हजारावर एपिसोड झाले (२०२४ च्या शेवटी परत सुरू झाली ते वेगळंच) ते याच्याच जिवावर.

याची किंमत पण आहे बरं का. प्रद्युम्नवर स्वतःच्या पोराला गोळी घालायची वेळ येते, आणि तरी नंतरच्या केसला माणूस तशीच बोटं फिरवत 'कुछ तो गडबड है' म्हणत हजर! खऱ्या आयुष्यात माणूस वर्षभर धड जेवला नसता. पण प्रोसिजरलमध्ये माणूस फार बदलून चालत नाही, बदलला तर पुढच्या केसचं गणित बिघडतं. मला तर तेच आवडतं, दिवसभर डोक्याला ताप झाल्यावर तासाभरात निकाल लागणारी गोष्ट बरी वाटते. अमेरिकेतली लॉ अँड ऑर्डर १९९० पासून सलग २० सीझन चालली, तिचा साचा तर अजून कडक, अर्धा एपिसोड पोलीस आणि उरलेला अर्धा सरकारी वकील.

देवमाणूसमध्ये सगळं उलटं. खुनी कोण हे आपल्याला आधीपासून माहिती, गावाला माहिती नाही, आणि आपण रोज बघतो ते एवढ्याचसाठी की हा डॉक्टर सापडणार कधी. एसीपी दिव्या सिंग आली तेव्हा काहीजण म्हणाले आता झाली पोलिसांची सिरीयल, पण पोलीस असले म्हणून प्रोसिजरल होत नाही, तपास पण त्याच एका गोष्टीचा भाग होता. एपिसोड संपताना उत्तर मिळत नाही, उलट नवीन खुंटा मारून ठेवतात. दहा एपिसोड सोडून बसलात तर शेजारणीला विचारायलाच लागतं.

क्राइम पेट्रोल तिसरंच, ठरलेली टीम नाही, दर वेळी नवी माणसं आणि सांगणारा अँकर.

मराठीत प्रोसिजरल प्रकार कमी का, तर मला वाटतं हिशोब साधा आहे. 'लक्ष्य' ही पोलीस तपासाची सिरीयल होती स्टार प्रवाहवर, नाही असं नाही. पण दर केसला नवं लोकेशन, नवे पाहुणे कलाकार, नवा खून सुचायला हवा, आणि तो डेली करायचा म्हणजे लेखकाचं तेल निघतं. त्यापेक्षा आमच्याकडं येऊन एखादा वाडा भाड्यानं घेतला की त्याच अंगणात, त्याच ओसरीवर, त्याच माणसांवर वर्षभर शूटिंग निघतं.